पंधरा मिनिटं न हललेला हात : क्ष-किरणांचे जनक विल्हेल्म रोंटजेन

तुम्ही कधी छातीचा एक्स-रे काढला असेल, तर हा प्रसंग ओळखीचा असेल. थंडगार पाटीला छाती टेकवून तुम्ही उभे असता. काचेमागून टेक्निशियन श्वास घेऊन रोखायला सांगतो. अजून काही सुरूच झालं नाही असं वाटत असतानाच तो श्वास सोडायला सांगतो. झालं काम. प्रत्यक्ष किरण सुटतात ते सेकंदाच्या छोट्याशा भागापुरतेच.

आता कल्पना करा की हात टेबलावर पालथा ठेवायचा आहे आणि पंधरा मिनिटं बोटसुद्धा हलवायचं नाही. 22 डिसेंबर 1895 या दिवशी, एका रविवारी, जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहरात 56 वर्षांच्या बर्थाबाईंनी हे केलं. त्यांच्या पतीने हाताखाली फोटोची काच ठेवली होती आणि वर एक काचेची नळी चालू केली होती. तो फोटो आज जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत आहे : लांब हाडं, आणि एका बोटावर काळी, जाड अंगठी. नीट पाहिलंत तर हाडांच्या कडा पुसट दिसतील. पंधरा मिनिटं कुठलाही जिवंत हात दगडासारखा राहत नाही.

माझ्या दवाखान्यात आठवड्याला दोन-तीन जण तरी स्कॅनची चिठ्ठी हातात घेऊन विचारतात, की डॉक्टर, इतका वेळ न हलता पडून राहायचं कसं? त्यांना सूचना सांगतो, पण मला वाटतं की हा प्रश्न पहिल्यांदा ज्या घरात आला त्या घराची गोष्ट माहीत असली तर सूचना जास्त पटतात. म्हणून आज विल्हेल्म रोंटजेन यांच्याविषयी.

शाळेतून काढलेला मुलगा

रोंटजेन यांचा जन्म 27 मार्च 1845 रोजी जर्मनीतल्या लेनेप गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी, आई मूळची हॉलंडची. विल्हेल्म तीन वर्षांचा असताना कुटुंब हॉलंडमधल्या आपेलडोर्न गावी राहायला गेलं. एकुलता एक मुलगा. अभ्यासात फार चमकणारा नव्हता, पण रानात भटकायची आणि हाताने यंत्रं बनवायची हौस भारी.

उट्रेख्टच्या तांत्रिक शाळेत असताना वर्गात कोणीतरी एका शिक्षकाचं व्यंगचित्र काढलं. ते विल्हेल्मने काढलं नव्हतं, पण काढणाऱ्याचं नाव त्याने सांगितलं नाही. शाळेने त्याला काढून टाकलं. शालान्त प्रमाणपत्र नाही म्हणून विद्यापीठाची दारं बंद झाली. शेवटी 1865 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला, कारण तिथे प्रवेश परीक्षा देऊन आत जाता येत असे. 1868 मध्ये तो इंजिनिअर झाला आणि 1869 मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली.

(ज्यांच्या मुलांना दहावीला कमी मार्क पडले आहेत त्यांनी हा परिच्छेद घरी मोठ्याने वाचायला हरकत नाही.)

झुरिकमध्येच त्यांना दोन माणसं भेटली. एक ऑगस्ट कुंट हे प्राध्यापक, ज्यांनी या इंजिनिअरला भौतिकशास्त्राकडे वळवलं. दुसरी ॲना बर्था लुडविग, विद्यार्थी जिथे जमत त्या खानावळीच्या मालकाची मुलगी. बर्था रोंटजेनपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या होत्या. 1872 मध्ये लग्न झालं. मूल झालं नाही, पुढे बर्थाबाईंच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी आपल्या घरी वाढवली.

त्यानंतरची सोळा वर्षं एका गावाहून दुसऱ्या गावी बदल्यांची आहेत. स्ट्रासबर्ग, होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबर्ग, गीसेन. 1888 मध्ये ते वुर्झबर्गला प्राध्यापक म्हणून आले. याच विद्यापीठाने पूर्वी, शाळेचं प्रमाणपत्र नाही म्हणून, त्यांना शिकवण्याचा दर्जा नाकारला होता. 1894 मध्ये ते तिथले कुलगुरू झाले. प्रयोगशाळा आणि राहतं घर एकाच इमारतीत होतं, घर वरच्या मजल्यावर. गोष्टीला ही गोष्ट महत्त्वाची आहे.

सात आठवडे

8 नोव्हेंबर 1895, शुक्रवार संध्याकाळ. रोंटजेन हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडून पाहत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली, खोलीत अंधार. तरी काही अंतरावर ठेवलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइड या रसायनाचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. वीज बंद केली की चमक जायची, चालू केली की यायची. प्रकाश पुठ्ठ्यातून बाहेर येऊ शकत नव्हता. म्हणजे दुसरं काहीतरी येत होतं.

त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. पुढचे आठवडे ते प्रयोगशाळेतच जेवत आणि कित्येकदा तिथेच झोपत. कागद, लाकूड, पुस्तक, रबर, पत्रा, एकेक वस्तू मध्ये धरून पाहिली. शिसं मात्र किरणांना अडवत होतं. शिशाचा छोटा तुकडा पडद्यासमोर धरला तेव्हा त्याच्या सावलीशेजारी त्यांना स्वतःच्या बोटांची हाडं दिसली. हे पाहून त्यांना काय वाटलं असेल याचा मी कधीकधी विचार करतो. शास्त्रज्ञ असले तरी ते पन्नाशीतले एक गृहस्थ होते, आणि रात्री एकटे खोलीत होते.

याच आठवड्यांत त्यांनी एक गोष्ट तपासली, जिचा तुमच्या स्कॅनशी थेट संबंध आहे. साध्या प्रकाशाला भिंग वळवतं, म्हणून कॅमेरा चित्र एका जागी आणून स्पष्ट करू शकतो. रोंटजेन यांनी या नव्या किरणांपुढे भिंगं आणि लोलक ठेवून पाहिले. किरण वळले नाहीत. ते सरळ जात होते आणि फक्त सावली टाकत होते.

एक्स-रे म्हणजे सावली. संध्याकाळी भिंतीवर हाताची सावली पाडून पाहा : हात भिंतीजवळ असला तर सावली रेखीव, लांब नेला तर धूसर, हलवला तर आणखी धूसर. मधे भिंग नाही, त्यामुळे बिघडलेली सावली नंतर नीट करणारं काही नाही. तुमचा गुडघा प्लेटला टेकवून ठेवतात, मॅमोग्राफी करताना स्तन दोन पाट्यांमध्ये दाबून धरतात, त्यामागे हे आहे. दाबल्यामुळे भाग पातळ होतो, पाटीजवळ येतो आणि हलत नाही. काही सेकंदांचा त्रास असतो. मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन हुळहुळे असतात, तेव्हा तपासणी घाईची नसेल तर पाळी संपल्यावरच्या आठवड्यातली तारीख मागा.

बर्थाबाई खाली आल्या

पडद्यावरचं चित्र वीज असेपर्यंतच दिसतं. कायमचा पुरावा हवा तर फोटोची काच वापरायला हवी, आणि त्या काळच्या काचेवर पुरेसा ठसा उमटायला बराच वेळ लागायचा. वजनांची पेटी, होकायंत्र यांचे फोटो काढता आले. त्यांना हलण्याची सवय नाही. पण शरीराचा फोटो हवा असेल तर कोणीतरी न हलता बसायला हवं होतं.

रोंटजेन यांनी वरच्या मजल्यावरून पत्नीला बोलावलं.

त्या फोटोची गोष्ट सांगताना बहुतेक लोक हाडं पाहून बर्थाबाई घाबरल्या, त्यांना स्वतःचं मरण दिसल्यासारखं वाटलं, एवढंच सांगतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती आधीची पंधरा मिनिटं. नळीचा आवाज, अंधार, काय होणार ते माहीत नाही, आणि तरी हात स्थिर. तो राहिला कारण हात टेबलावर टेकलेला होता, दुखत नव्हता, आणि विश्वासाचा माणूस शेजारी होता. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही रुग्णाला स्थिर ठेवण्यासाठी आधी याच तीन गोष्टी बघाव्या लागतात : आधार, वेदना आणि धीर. औषध देऊन झोपवणं हा नंतरचा मार्ग.

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणायला आवडलं असतं. पण शिकलो माझ्या वडिलांमुळे. त्यांच्या कंबरेतून डाव्या पायात कळ जायची. मी एमआरआयची चिठ्ठी लिहिली, वेळ घेतली आणि त्यांना पाठवून दिलं. डॉक्टर मुलगा असून मी एवढंही विचारलं नाही, की तुम्हाला उताणं झोपता येतं का? त्यांना येत नव्हतं, ते महिनाभर कुशीवर झोपत होते. यंत्रात पाय सरळ करून पडल्यावर दहाव्या मिनिटाला त्यांनी हातातला रबरी फुगा दाबला. निघालेल्या चित्रांवरून काही सांगता येईना. घरी आल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत, ते रागाने नव्हे, त्यांना आपलीच लाज वाटत होती. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. त्या वेळी जायच्या आधी वेदनाशामक गोळी दिली, टेक्निशियनला सांगून गुडघ्यांखाली जाड उशी ठेवली, आणि अंगावरचं सगळं धातूचं सामान काढून मी आत त्यांच्या पायाशी बसलो. अर्धा तास ते हलले नाहीत. मणक्यातली चकती शिरेवर दाबत होती, ते नीट दिसलं. चूक त्यांची नव्हती, चिठ्ठी लिहिणाऱ्याची होती.

म्हणून तुम्हाला सांगतो, चिठ्ठी घेताना डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगा : उताणं झोपता येत नाही, झोपलं की खोकला किंवा धाप लागते, हात थरथरतात, बंद जागेत जीव घाबरतो. कंपवाताच्या रुग्णांची तपासणी गोळीचा असर चांगला असतानाच्या वेळेत ठेवता येते. लघवीला आत जायच्या आधी जाऊन या, ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण विसाव्या मिनिटाला तेच सगळ्यात मोठं संकट होतं. एमआरआय असेल तर पेसमेकर, शरीरातल्या क्लिपा, कानातलं यंत्र, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, सगळं आधी सांगायचं.

वाऱ्यासारखी बातमी

28 डिसेंबरला रोंटजेन यांनी आपला लेख वुर्झबर्गच्या शास्त्रीय संस्थेकडे दिला. किरणांचं स्वरूप माहीत नव्हतं, म्हणून गणितातल्या अज्ञात संख्येचं अक्षर त्यांनी वापरलं. तेच आपलं क्ष. 1 जानेवारी 1896 ला त्यांनी लेखाच्या प्रती आणि फोटो ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवले. 5 जानेवारीला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी आली. 13 जानेवारीला बर्लिनला सम्राटापुढे प्रयोग झाला. 23 जानेवारीला वुर्झबर्गच्या भरलेल्या सभागृहात त्यांनी व्याख्यान दिलं आणि शेवटी अल्बर्ट फॉन कोलिकर या 78 वर्षांच्या शरीररचनातज्ज्ञांच्या हाताचा फोटो सर्वांसमोर काढला. तो फोटो बर्थाबाईंच्या हातापेक्षा बराच रेखीव आहे. कोलिकर यांनी तिथेच या किरणांना रोंटजेन यांचं नाव द्यावं असं सुचवलं.

फेब्रुवारी सुरू होईपर्यंत अमेरिकेत डॉक्टर हे वापरू लागले होते. डार्टमथ कॉलेजमध्ये 3 फेब्रुवारीला बर्फावर घसरून मनगट मोडलेल्या 14 वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला. त्याला मोडक्या हाताने वीस मिनिटं स्थिर बसावं लागलं.

हे पहिले रुग्ण मला नेहमी अचंबित करतात. जाड भागांना तर आणखी वेळ लागे. मग वाळूच्या पिशव्या आल्या, पट्टे आले, हॅम्बर्गचे डॉक्टर अल्बर्स-शोनबर्ग यांनी शरीराचा भाग दाबून धरणारं नळकांडं बनवलं. आजही तुमच्या हातापायाशेजारी फोमचे तुकडे लावतात, डोकं पट्ट्याने टेकवतात, ते त्याच घराण्यातले. त्यांना बांधून ठेवणं समजू नका. स्नायूंना धरून ठेवण्याचं काम करावं लागू नये म्हणून ते असतात. ताण देऊन स्थिर राहायला गेलात तर पाच मिनिटांत थरथर सुरू होते.

नळ्या सुधारल्या, 1913 मध्ये अमेरिकेत कूलिज यांनी भरवशाची नवी नळी बनवली, वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आणि पुढे त्याहून खाली आला. त्यामुळे साध्या एक्स-रेमध्ये हलण्याची चिंता फारशी उरली नाही. सीटी स्कॅनमध्ये काही सेकंद श्वास रोखावा लागतो. खरी परीक्षा एमआरआयची, तिथे वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ जातो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओ लहरींनी चित्रं काही-काही मिनिटांच्या गटांत बनतात, आणि प्रत्येक गटाचा ठोकल्यासारखा वेगळा आवाज येतो. एका गटात हललात तर सहसा तेवढाच गट पुन्हा घ्यावा लागतो, सगळं वाया जात नाही. खाज सुटली किंवा गिळायचं असेल तर आवाज थांबल्यावर ते उरका, पण कूस बदलू नका. कानात बोळे मागून घ्या. आत जायच्या आधीच डोळे मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका, घाबरणाऱ्या माझ्या रुग्णांना सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती ही आहे. भीती कमी करणारी गोळी लागली तर ती डॉक्टरांनी दिलेलीच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

जस्ताची पेटी

रोंटजेन यांना किरणांचा धोका माहीत नव्हता, कोणालाच नव्हता. पण पुढच्या प्रयोगांसाठी त्यांनी जस्ताच्या पत्र्याची, आत माणूस बसेल एवढी पेटी करवून घेतली होती आणि नळीकडच्या बाजूला शिसं लावलं होतं. हेतू प्रयोग बिघडू नये हा होता. त्यातून त्यांचा बचाव झाला. इतर अनेकांचा झाला नाही. नळी नीट चालते का ते डॉक्टर रोज स्वतःच्या हाताचं चित्र पाहून तपासत, रुग्णाला आपल्याच हातांनी धरून ठेवत. त्यांच्या बोटांची कातडी जळाली, पुढे कॅन्सर झाले. एडिसन यांचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली 1904 मध्ये यातच गेला. वर उल्लेख केलेल्या अल्बर्स-शोनबर्ग यांनाही हात गमवावा लागला आणि 1921 मध्ये मृत्यू आला.

तुमच्या लहान मुलाचा एक्स-रे काढताना टेक्निशियन स्वतः मुलाला धरत नाही आणि तुम्हाला धरायला सांगतो, तेव्हा काही आई-बाबांना राग येतो. त्याचं कारण हे. तो दिवसभर, वर्षभर तिथे असतो, तुम्ही एकदाच. तुम्हाला शिशाचा एप्रन देतात, तो नक्की घाला. गरोदर असाल किंवा शंका असेल तर आधी सांगा आणि दुसऱ्या कोणाला तरी आत पाठवा. मुलाला घरीच कारण सांगून, पुतळा-पुतळा खेळून तयार केलं तर धरावंही लागत नाही. हललेला एक्स-रे किंवा सीटी पुन्हा काढायचा म्हणजे किरणांचा डोस पुन्हा.

अगदी तान्ह्या बाळाचा एमआरआय करताना पुष्कळदा भूल लागत नाही. तपासणीच्या जरा आधी पोटभर पाजतात, दुपट्यात घट्ट गुंडाळतात, कान झाकतात, आणि बाळ झोपतं. थोड्या मोठ्या, समज नसलेल्या मुलांना भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली झोपवावं लागतं. तेव्हा उपाशी ठेवण्याची वेळ पाळणं हाच सुरक्षेचा भाग आहे, कारण भरलेल्या पोटी उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. साधारणपणे घन अन्न सहा तास, आईचं दूध चार तास आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवतात. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. मूल रडतं म्हणून आजीने एक बिस्किट दिलं, तर ते लपवू नका. तपासणी पुढे ढकलणं परवडतं.

शेवटची वर्षं

1901 मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक रोंटजेन यांना मिळालं. रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. किरणांचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे कुठल्याही गावातला डॉक्टर कोणाला पैसे न देता ते वापरू शकला. देऊ केलेली उमराव पदवीही नाकारली. 1900 पासून ते म्युनिकला होते.

बर्थाबाई पुढे आजारी पडल्या. मूत्रपिंडाच्या कळा यायच्या आणि मॉर्फिनशिवाय थांबायच्या नाहीत. ती इंजेक्शनं रोंटजेन स्वतः देत. ज्या माणसाने जगाला शरीराच्या आत पाहायला शिकवलं, त्याच्या घरातल्या दुखण्यावर त्या काळी एवढाच उपाय होता. 31 ऑक्टोबर 1919 रोजी बर्थाबाई गेल्या. महायुद्धानंतरच्या महागाईत पैशाची किंमत उरली नव्हती, वृद्धपणी त्यांचे हाल झाले. 10 फेब्रुवारी 1923 रोजी, आतड्याच्या कॅन्सरने, 77 व्या वर्षी रोंटजेन यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे बरेचसे खाजगी आणि शास्त्रीय कागद जाळले गेले. गीसेनच्या जुन्या स्मशानभूमीत, आईवडिलांच्या आणि बर्थाबाईंच्या शेजारी त्यांना पुरलं आहे.

हाताचा तो फोटो मात्र राहिला. पुढच्या वेळी तुम्हाला कोणी न हलता पडून राहायला सांगेल, तेव्हा आधी विचारा की किती मिनिटं लागतील, गुडघ्याखाली उशी मिळेल का, आणि घरचं माणूस आत बसू शकेल का. विचारायला संकोच करू नका, बहुतेक ठिकाणी या तिन्हींची सोय असते.